बिघाड कोणाचा आणि भुर्दंड कोणाला?

उद्या २४ डिसेंबर. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. सरकारी कचेऱ्यांतून व्याख्याने होतील, ग्राहक हा बाजारपेठेचा राजा आहे हे वाक्य पुन्हा एकदा उच्चारले जाईल, आणि परवापासून हाच राजा दुरुस्तीच्या बिलाचा कागद हाती धरून कुठल्या तरी सर्व्हिस सेंटरच्या बाकावर ताटकळत बसलेला दिसेल. समारंभांविषयी आमची तक्रार नाही. परंतु या दिवसाच्या निमित्ताने एक प्रश्न स्पष्टपणे विचारला जावा अशी आमची इच्छा आहे, आणि तो विचारण्यास पिंपरी-चिंचवडइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात दुसरे नाही. मोटारीच्या मूळ रचनेतच दोष असल्याचा सबळ संशय असेल, तर त्या दोषाने झालेल्या बिघाडाचा खर्च कोणी सोसावयाचा? गाडी बनविणाऱ्याने, की ती विकत घेणाऱ्याने?

पिंपरीपासून चाकणपर्यंतचा हा पट्टा देशाच्या मोटारधंद्याचा एक मोठा आधार आहे. टेल्कोने येथे १९६६ साली बस्तान बसविले, आकुर्डीतून बजाजच्या स्कूटर देशाच्या कानाकोपऱ्यांत गेल्या, २००९ साली चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने उभे राहिले, आणि महिंद्रनेही तेथेच आपला मोठा कारखाना थाटला. या कारखान्यांच्या आश्रयाने भोसरीच्या शेडमधून सुटे भाग बनविणारे शेकडो लहान कारखानदार उभे राहिले. गिअर कसा कापला जातो, ओतकामात पोकळी कशी राहते, तेलाचे सील कशाने फुटते, हे हाताने जाणणारी माणसे या गावांच्या घराघरांत आहेत. निगडी-प्राधिकरणातील एखाद्या सोसायटीच्या जिन्यात उभे राहून हाक मारली, तर दोन-चार मोटार अभियंते सहज दार उघडतील. अशा ठिकाणी तरी मोटारमालकाला आपल्या गाडीच्या बिघाडाचे खरे कारण कळावे, अशी अपेक्षा कोणीही करील. ती अपेक्षा फोल ठरते. ज्ञान येथे विपुल आहे, परंतु ते कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे, आणि मालक फाटकाच्या बाहेर उभा आहे.

### वादाचे नेहमीचे वळण

हा वाद कसा घडतो ते पाहण्यासारखे आहे, कारण गाडी कोणत्याही कंपनीची असो, त्याचे वळण बहुधा एकच असते. समजा, चिंचवडच्या एका शाळेतील शिक्षकाने कर्ज काढून मोटार घेतली. वॉरंटीची मुदत संपली आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिचा स्वयंचलित गिअरबॉक्स निकामी झाला. वर्कशॉपने दीड लाखाचे एस्टिमेट हाती दिले. आपण गाडी नियमाने कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये दिली, तेल वेळेवर बदलले, मग एवढा महत्त्वाचा भाग इतक्या लवकर कसा मोडला, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले की हा स्वाभाविक झिजेचा प्रकार आहे. तो अधिक खोलात शिरला, तेव्हा त्याच्या गाडी चालविण्याच्या सवयीवर बोट ठेवण्यात आले. आपल्या ओळखीच्या आणखी तिघांच्या याच मॉडेलचा हाच भाग बिघडल्याचे त्याने सांगितले, तेव्हा 'आमच्याकडे अशी एकही तक्रार नाही' असे त्याला ऐकविण्यात आले.

येथवर निराश झालेला मनुष्य पैसे भरून मोकळा होतो. एखादा चिकट निघाला, पत्रे लिहू लागला, तर काही आठवड्यांनी कंपनीचा सूर बदलतो. वॉरंटी संपली असली तरी आपल्यासारख्या जुन्या ग्राहकासाठी 'गुडविल' म्हणून निम्मा खर्च आम्ही उचलू, मात्र या कागदावर सही करा, असे सांगितले जाते. कागदावर लिहिलेले असते की कंपनीने कोणताही दोष मान्य केलेला नाही आणि ग्राहकाचे आता काहीही येणे राहिलेले नाही. न्याय मागावयास गेलेला मनुष्य औदार्य घेऊन परततो. या व्यवहारात कंपनी निम्मे पैसे देते हे खरे, पण त्या पैशांत ती एक फार मोलाची गोष्ट विकत घेते. ती गोष्ट म्हणजे मालकाचे मौन. चाकणच्या मालकाला काय मिळाले ते चिंचवडच्या मालकाला कळत नाही, आणि दोघांचीही गाडी एकाच कारणाने बंद पडली हे कोणाच्याच दप्तरी नोंदले जात नाही.

### दोन प्रकारचे दोष

मोटारीतील दोष दोन जातींचे असतात, आणि हा भेद ध्यानी घेतल्यावाचून या प्रश्नाचे मर्म कळणार नाही. पाठ्यपुस्तकाच्या एखाद्याच प्रतीत शाई फिसकटून पान वाचता येत नसेल, तर ती छपाईची चूक होय. दुकानदार ती प्रत बदलून देतो आणि प्रश्न मिटतो. परंतु मूळ मजकुरातच गणिताचे उत्तर चुकलेले असेल, तर प्रत कितीही वेळा बदलली तरी उपयोग नाही. राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तीच चूक जाते, आणि परीक्षेत गुण मात्र विद्यार्थ्याचे कापले जातात.

घडणीतील दोष हा पहिल्या जातीचा. हजारांत एखादा बोल्ट नीट आवळला जात नाही, एखाद्या भागाचे ओतकाम बिघडते. असा दोष बहुधा लवकर प्रकट होतो आणि वॉरंटीच्या मुदतीत निस्तरला जातो. रचनेतील दोष हा दुसऱ्या जातीचा. कागदावर आखणी करतानाच एखाद्या भागाची जाडी कमी धरली गेली, आपल्याकडील उष्णता, धूळ आणि गर्दीतली सततची थांबाथांब यांचा हिशेब राहून गेला, तर त्या आखणीबरहुकूम निर्दोषपणे बनविलेली प्रत्येक गाडी सदोषच असते. हा दोष सावकाश, बहुधा वॉरंटी उलटल्यावर, डोके वर काढतो. एकेका मालकाला तो आपले दुर्दैव वाटतो. तो दुर्दैव नसून नियम आहे, हे सर्व गाड्यांच्या नोंदी एकत्र पाहणाऱ्यालाच कळू शकते. अशा नोंदी पाहणारा जगात एकच असतो, आणि तो म्हणजे स्वतः उत्पादक. कोणता सुटा भाग किती खपला, कोणत्या गावी किती गिअरबॉक्स उघडले गेले, वर्कशॉपना कोणत्या तांत्रिक सूचना धाडल्या, हे सारे त्याच्या संगणकात तारीखवार असते.

### शब्दांचा कीस

आपल्या घरचेच उदाहरण घ्यावयाचे तर टाटांच्या नॅनोचे घेता येईल. एक लाखाची मोटार म्हणून २००८ सालच्या जानेवारीत दिल्लीत दाखविण्यात आलेली ही गाडी मुख्यतः पिंपरीच्या अभियंत्यांच्या श्रमांचे फळ होती, आणि त्या श्रमांचा या गावास योग्य तो अभिमान वाटला होता. गाड्या रस्त्यावर आल्यानंतर काही नॅनोंना आगी लागल्याच्या घटना घडल्या. कंपनीने तपास केला आणि गाडीच्या रचनेत दोष नाही, बाहेरून बसविलेली विजेची उपकरणे किंवा एक्झॉस्टवर राहून गेलेल्या परक्या वस्तू यांमुळे हे प्रकार झाले, असा निष्कर्ष जाहीर केला. तरीही २०१० च्या नोव्हेंबरात तोवर विकल्या गेलेल्या सुमारे ७० हजार गाड्यांत संरक्षणाची अधिक तजवीज विनामूल्य करून देण्याचे तिने जाहीर केले. मात्र यास 'रिकॉल' म्हणू नये, असे तिचे म्हणणे होते. पुढील महिन्यात गाडीची वॉरंटी वाढविण्यात आली आणि तिचा लाभ जुन्या मालकांनाही देण्यात आला.

हे वर्तन आम्ही निंद्य मानीत नाही. उलट मालकांचा खिसा रिकामा न करता गाड्या सुधारून देणे हे जबाबदार कारखानदारास शोभणारेच होते. परंतु त्यातून एक प्रश्न उरतो. आगीसारखी दृश्य घटना घडली, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, कंपनीच्या नावलौकिकास धक्का बसू लागला, म्हणून विनामूल्य सुधारणा झाली. जो दोष पेट घेत नाही, रस्त्याच्या कडेला मुकाट्याने गाडी उभी करतो आणि केवळ दीड लाखाचे बिल मागे ठेवतो, त्याचे छायाचित्र कोण छापणार?

परदेशांतील अनुभव याहून बोलका आहे. फोक्सवॅगन समूहाच्या सात वेगांच्या डीएसजी गिअरबॉक्सविषयी चीनमधील मालक दीर्घकाळ तक्रारी करीत होते. सरकारी यंत्रणेचा तगादा लागल्यावर २०१२ साली कंपनीने तेथे या गिअरबॉक्सची वॉरंटी दहा वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर इतकी वाढविली. २०१३ च्या १५ मार्चला, म्हणजे जागतिक ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या विषयावर कार्यक्रम केला आणि काही दिवसांतच ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलाविण्याचे जाहीर झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल घालण्याचे ठरविले, कारण उष्ण व दमट हवामानात त्या तेलामुळे विद्युत्पुरवठ्यात बिघाड संभवत होता. गिअरबॉक्स बिघडला की चालविणाऱ्याच्या पायाकडे पाहण्याची रीत किती अपुरी आहे, हे या एका निर्णयावरून कळते. तेल बदलण्याचा निर्णय मालकांच्या सवयी सुधारण्यासाठी खासच घेतलेला नव्हता.

जनरल मोटर्सचे प्रकरण तर या विषयाचा धडाच ठरावे. अमेरिकेत या कंपनीच्या काही गाड्यांची किल्ली धक्क्याने आपोआप फिरे, इंजिन बंद पडे आणि ऐन अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडत नसे. २०१४ साली सुमारे २६ लाख गाड्या परत बोलाविण्यात आल्या, आणि १२४ जणांच्या मृत्यूंबद्दल कंपनीच्या निधीतून भरपाई देण्यात आली. तपासात असे दिसले की त्या स्विचमध्ये कित्येक वर्षे आधीच सुधारणा करण्यात आली होती, परंतु सुट्या भागाचा क्रमांक जुनाच ठेवण्यात आला. जुना सदोष भाग आणि नवा सुधारित भाग कागदोपत्री एकच दिसत राहिला. मृतांचे नातेवाईक न्यायालयात गेले नसते आणि त्यांच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने दोन स्विच शेजारी शेजारी ठेवून उघडले नसते, तर ही लपवाछपवी कदाचित कधीच उघड झाली नसती. क्रमांक न बदलता बदललेला एक क्षुल्लक भाग: दोषाचे ज्ञान कोणाच्या मुठीत असते आणि ती मूठ किती घट्ट मिटता येते, हे याहून नेमके कोणी सांगू शकणार नाही. याच कंपनीने २०१३ साली भारतात २००५ ते २०१३ या काळातील १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत बोलाविल्या होत्या, तेव्हाही धुराच्या चाचण्यांत आपल्याच कर्मचाऱ्यांनी नियम मोडल्याचे तिला सरकारला कळवावे लागले होते. आठ वर्षे ही गोष्ट बाहेरच्या कोणासही कळली नव्हती.

### कायद्याने काय दिले

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९८६ च्या कायद्याच्या जागी २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि २० जुलै २०२० पासून अमलात आला. 'उत्पादन दायित्व' हे नवे प्रकरण त्यात घालण्यात आले, आणि मालाच्या रचनेतील दोषाबद्दल उत्पादक जबाबदार राहील असे त्यात प्रथमच स्वच्छ शब्दांत म्हटले गेले. त्यावेळी त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु कायदा वाचताना व्याख्यांचे कलम शेवटपर्यंत वाचावे लागते. 'हानी' या शब्दाची जी व्याख्या या प्रकरणासाठी केली आहे, तीत शारीरिक इजा येते, मृत्यू येतो, इतर मालमत्तेचे नुकसान येते. खुद्द त्या मालाचे झालेले नुकसान मात्र त्यातून वगळले आहे. म्हणजे सदोष गिअरबॉक्समुळे गाडी घसरून कोणाचे कुंपण मोडले तर कुंपणाची भरपाई या प्रकरणाखाली मागता येईल, गिअरबॉक्सची नाही! रचनादोषाचा उच्चार ज्या प्रकरणात आहे, त्या प्रकरणाचे दार दुरुस्तीच्या बिलासाठी बंद आहे.

मग मालकाला उरतो तो सदोष मालाच्या तक्रारीचा जुना मार्ग. तो अगदीच अरुंद नाही. जिल्हा आयोगापुढे ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार नेता येते, आणि कंपनीचे मुख्य कार्यालय कोठेही असले तरी ती आपल्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते. पण पुढे पुराव्याचा डोंगर उभा राहतो. चाचणीवाचून दोष ठरविता येत नसेल तर आयोगाने माल योग्य प्रयोगशाळेकडे धाडावा, असे कायदा सांगतो, आणि तिची फी आधी तक्रारदारानेच भरावयाची असते. तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर तक्रार बहुधा तेथेच कोसळते. तज्ज्ञ आणावयाचा कोठून? मोटारधंद्यातील नामांकित तज्ज्ञ एक तर कंपनीच्या नोकरीत असतो, किंवा कंपनीकडून काम मिळण्याची आशा धरून असतो. पुण्याच्या टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही मान्यवर संस्था आहे, तिच्या शास्त्रीय योग्यतेविषयी आम्हांस शंका नाही; परंतु ती सरकार आणि मोटारधंदा यांनी मिळून उभी केलेली आहे, आणि सामान्य मालकाने आपला मोडका गिअरबॉक्स घेऊन तिचे दार ठोठवावे अशी तिची घडणच नाही. खटल्याचा निकाल तीन महिन्यांत, आणि चाचणी लागल्यास पाच महिन्यांत लावावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लागणारा काळ किती असतो ते कोणत्याही आयोगाच्या व्हरांड्यात तासभर बसले तरी कळते.

न्यायालयांची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुतीविरुद्धच्या एका खटल्यात, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचे वचन असेल तर सबंध गाडी बदलून मागता येणार नाही, असे ठरविले. २०२१ साली गोव्यातील एका खरेदीदाराने टाटा मोटर्सविरुद्ध नेलेल्या प्रकरणात, विक्रेत्याने जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकली असली तरी उत्पादकाला ते ठाऊक होते हे सिद्ध झाल्यावाचून त्याच्यावर जबाबदारी टाकता येणार नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले. कंपनी आणि विक्रेता यांच्यामधील या फटीत किती मालक अडकून पडतात हे सांगावयास नको. कंपनी म्हणते विक्रेत्यास विचारा, विक्रेता म्हणतो आमच्या हाती काय आहे! परंतु २०२२ साली याच न्यायालयाने ह्युंदाईच्या क्रेटा गाडीतील न उघडलेल्या एअरबॅगच्या प्रकरणी ग्राहकास गाडी बदलून देण्याचा आदेश कायम केला, आणि त्या निमित्ताने एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. टक्कर किती वेगाने व किती जोराने झाली याचे गणित मांडण्याइतका ग्राहक हा पदार्थविज्ञानाचा पंडित असावा अशी अपेक्षा करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आमच्या मते हाच या साऱ्या प्रश्नाचा खरा गाभा आहे. जे एअरबॅगच्या बाबतीत खरे, ते गिअरबॉक्सच्या बाबतीत खोटे का ठरावे?

सदोष गाड्या परत बोलाविण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला मिळाला आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह होते. तथापि तो अधिकार पर्यावरणास, गाडीतील माणसांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय करणाऱ्या दोषांपुरता आहे. शिवाय गाडी सात वर्षांच्या आतील असावी लागते, आणि मोठ्या खपाच्या मोटारीच्या बाबतीत चाचणीस आरंभ होण्यासाठीच हजारावर तक्रारी नोंदल्या जाव्या लागतात. ज्या तक्रारी 'गुडविल'च्या पाकिटात घालून एकेक करून बंद केल्या जातात, त्यांची संख्या हजारावर जाणार कशी?

### दुसरी बाजू

उत्पादकांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. तेल बदलावयाचे टाळणारे, बाजारातील नकली सुटे भाग बसविणारे, पावसाळ्यात पाण्यात गाडी घालून नंतर कंपनीला दोष देणारे मालक कमी नाहीत. यंत्र म्हटले की ते झिजणारच, आणि आजन्म वॉरंटी कोणी देऊ शकत नाही. प्रत्येक बिघाड उत्पादकाच्या माथी मारला गेला तर तो खर्च अखेर गाडीच्या किमतीत चढेल आणि काळजीने गाडी वापरणाऱ्यालाही तो भरावा लागेल. या सर्व मुद्द्यांत तथ्य आहे. म्हणूनच झीज कोणती, निष्काळजीपणा कोणता आणि रचनादोष कोणता, हे निवडणारी निःपक्षपाती यंत्रणा हवी असे आम्ही म्हणतो. आज हा निवाडा वादातील एक पक्षच करतो. ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच तपास करावा, पुरावाही त्यानेच राखावा आणि निकालही त्यानेच द्यावा, अशी पद्धत गावच्या पंचायतीतही कोणी चालवून घेणार नाही.

या पट्ट्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. रचनादोषाचा भुर्दंड मालकावर लोटता आला नाही, तर तो भोसरी-चाकणच्या लहान सुटे भाग पुरविणाऱ्यावर लोटण्याचा मोह मोठ्या कंपनीस होणे स्वाभाविक आहे. त्याने दिलेल्या नकाशाप्रमाणे भाग बनविला, तपासून घेतला, आणि नकाशाच चुकीचा होता म्हणून दंड मात्र त्यास! हाही अन्यायच होईल. ज्याने आखणी केली, ज्याने तिच्यावर मान्यतेची सही केली, त्याच्यापाशीच जबाबदारी थांबली पाहिजे. शेवटी कारखान्यातील कामगार, लहान कारखानदार, कचेरीतील कारकून आणि हप्त्याने गाडी घेणारा शिक्षक ही येथे एकाच गल्लीत राहणारी माणसे आहेत. सकाळी जो गाडी बनवितो, तोच संध्याकाळी गिऱ्हाईक असतो. ग्राहकाचा हक्क आणि धंद्याचे हित यांत वैर आहे असे मानणे या गावाला तरी परवडणार नाही.

### काय करावयास हवे

पहिली गोष्ट, पुराव्याचे ओझे ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याच्या खांद्यावर ठेवावे. इंग्लंडच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे खरेदीनंतर सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळापासूनच होता असे गृहीत धरले जाते आणि तसे नव्हते हे विक्रेत्यास सिद्ध करावे लागते. मोटारीसारख्या दीर्घकाळ वापरावयाच्या वस्तूस सहा महिने अपुरे आहेत. आमची सूचना अशी की एकाच मॉडेलचा तोच भाग ठराविक संख्येहून अधिक गाड्यांत मोडला आहे असे दिसताच, तो रचनादोष नाही हे दाखविण्याची जबाबदारी उत्पादकावर यावी, मग वॉरंटी संपलेली असो वा नसो. दुसरी गोष्ट, कंपन्या आपल्या वर्कशॉपना ज्या तांत्रिक सूचना पाठवितात त्या जनतेस पाहावयास खुल्या असाव्यात. अमेरिकेत उत्पादकांना अशा सूचना सरकारी खात्याकडे द्याव्या लागतात आणि त्या कोणासही वाचता येतात. त्याच कंपन्या येथे त्याच प्रकारचा कागद गुप्त मानतात, याचे समर्थन होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या अंगणातील आहे. भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था अनेक दशके काम करीत आहे आणि पुण्यास अभियांत्रिकी शिक्षणाची दीडशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. ग्राहकांच्या तक्रारीवरून सुटे भाग तपासून अहवाल देणारा स्वतंत्र विभाग अशा संस्थेत उघडावा आणि त्याची फी केंद्राच्या ग्राहक कल्याण निधीतून भरली जावी. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील लबाडीचा पहिला धागा सापडला तो अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहानशा संशोधक गटाला, रस्त्यावरून गाड्या चालवून. त्यानंतर तेथील मालकांना गाड्या परत देऊन पैसे घेण्याची मुभा मिळाली. भारतातील ३ लाख २३ हजार ७०० गाड्यांच्या मालकांच्या वाट्यास सॉफ्टवेअरची दुरुस्ती आली. दोन देशांतील मालकांच्या पदरी पडलेल्या मापांतील हे अंतर तेथील कडक कायद्याचे आणि निर्भय प्रयोगशाळेचे आहे. चौथी गोष्ट, 'हानी'च्या व्याख्येतून मालाचे स्वतःचे नुकसान वगळणारे शब्द रचनादोषापुरते तरी काढून टाकावेत. त्यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत दुरुस्तीचे विधेयक मांडावे. मोटारींच्या जोरावर वाढलेल्या मतदारसंघांच्या प्रतिनिधींनी मोटारमालकांसाठी एवढे करणे अवघड नाही.

कायदा बदलेपर्यंत मालकांनीही स्वस्थ बसू नये. जे घडले ते लेखी मांडावे, जॉबकार्डाची प्रत मागून घ्यावी, बदललेला जुना भाग वर्कशॉपला सोडून देऊ नये, आणि हक्क सोडून देणाऱ्या कागदावर पैशाच्या मोहाने सही करू नये. तक्रारीस दोन वर्षांची मुदत असते. पत्रव्यवहाराच्या गोडीत ती कशी सरली हे पुष्कळांस कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एकट्याने लढू नये. समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकालाही दावा मांडता येईल, अशी सोय आपल्या कायद्यात आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली तेव्हा देशात ग्राहकांचा कायदाही नव्हता. संघटनेच्या जोरावर तो मिळविता आला, तर त्यातील उणिवाही त्याच मार्गाने भरून काढता येतील.

मोटार हे आता श्रीमंतीचे लक्षण उरलेले नाही. कित्येक कुटुंबांच्या बाबतीत घराखालोखाल तीच सर्वांत मोठी खरेदी असते आणि तिचे हप्ते पाच-सात वर्षे पगारातून कापले जातात. अशा कुटुंबावर दीड लाखाचा अनपेक्षित भुर्दंड पडतो, तेव्हा मुलांच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लागतो. तो भुर्दंड त्याच्या चुकीमुळे असेल तर त्याने अवश्य सोसावा. पण दुसऱ्याने आखलेल्या नकाशातील चुकीची किंमत त्याने मोजावी, आणि ती चूक कोणाची हे विचारण्याचे साधनही त्याच्या हाती नसावे, ही स्थिती कोणत्याही सुसंस्कृत समाजाने मान्य करण्यासारखी नाही. चाकण-पिंपरीच्या गाड्या जगाच्या बाजारात जातात, त्यांच्या गुणवत्तेचा आम्हांस अभिमान आहे. दोष दडविण्यापेक्षा तो उघडपणे मान्य करून स्वखर्चाने दुरुस्त करणाऱ्या कारखानदाराचाच माल लोक पुन्हा विश्वासाने घेतात, हे येथील कारखानदारांनी ध्यानी घ्यावे. आणि ते त्यांच्या ध्यानी येण्याची वाट न पाहता सरकारने कायदा दुरुस्त करावा. उद्याच्या ग्राहक दिनी व्यासपीठावरून दुसरे काही बोलले गेले नाही तरी चालेल. एवढ्या एका प्रश्नाचे सरळ उत्तर मिळाले, तर तो दिवस सार्थकी लागला असे आम्ही समजू.